कोळंबी चालेल, कालवण, कवचं आणि किनारा सांभाळा

पुण्याच्या एका ताईंची अडीच वर्षांची, २६ किलो वजनाची लॅब्रॅडॉर मे महिन्यात महिनाभर गुहागरच्या घरी राहणार आहे. गेल्या खेपेला आत्याबाईंनी तिला कोळंबीच्या कालवणात भात कुस्करून घातला. पातेली लख्ख झाली आणि दुसऱ्या दिवशी अंगणभर जुलाब. तेव्हा कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्यातले जीव), कुर्ल्या (खेकडे) कुत्र्याला मुळात चालतात का, आणि चालत असतील तर कशा आणि किती द्यायच्या, असं त्यांनी विचारलंय.

ताई, चालतात. नीट शिजवलेली, सोललेली, मीठ-मसाला न लागलेली कोळंबी निरोगी कुत्र्याला छान मानवते. मी दापोली तालुक्यात २२ वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. पूर्वी गाई-बैलच जास्त असायचे. आता कुत्री वाढलीत, आणि मे-दिवाळीत तर पुण्या-मुंबईहून पाहुणी आलेलीच जास्त. एवढ्या वर्षांत नुसती उकडलेली कोळंबी खाऊन गंभीर आजारी पडलेलं कुत्रं माझ्याकडे आलेलं नाही. कोळंबीच्या आजूबाजूचं काहीतरी पोटात गेल्यामुळे आलेली मात्र पुष्कळ.

म्हणून मला वाटतं, तुमचा प्रश्न दिसतो कोळंबीचा, पण आहे घराचा. पुण्यात तिला खायला घालणारे हात दोन, गावी दहा. आत्याबाई ताटातलं घालतात, मुलं टेबलाखालून तळलेली तुकडी सरकवतात, परसात सालं टाकलेली असतात, आणि संध्याकाळी पुळणीवर नेलं की तिथे काय पडलेलं असेल ते समुद्रालाच ठाऊक.

आधी कालवणाचं बघू. कालवणात कोळंबी मूठभर आणि वाटण वाटीभर. कांद्या-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात आणि त्या फुटायला लागतात. कांदा भाजला, तळला, वाटला तरी हा गुण जात नाही. उगाच घाबरू नये म्हणून हिशेबही सांगते. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तावर परिणाम दिसू लागतो. तुमच्या लॅबला त्यासाठी चारशे ग्रॅमच्या आसपास कांदा लागेल, म्हणजे एका पातेलीने ती मरणार नव्हती. लसूण मात्र याहून बराच कमी पुरतो. आणि चार किलोच्या पॉमेरियनला ६० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा, बस होतो. शिवाय रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साठत जातं.

असंच एक पॉमेरियन माझ्याकडे आलं होतं. आजीचा लाडका, आठवडाभर रोज दुपारी रस्सा-भात. आणलं तेव्हा हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी. घरचे म्हणत होते, परवापर्यंत तर धावत होतं. कांद्याचा परिणाम जेवल्या जेवल्या दिसत नाही, तीन-चार दिवसांनी दिसतो, त्यामुळे कालवणाशी त्याचा संबंध कोणी जोडतच नाही. काचपट्टीवर रक्त पाहिलं तेव्हा माझी खात्री पटली. ते वाचलं, पण पुढचे पंधरा दिवस आजींनी मला माफ केलं नव्हतं, कारण मी रस्सा बंद केला होता.

तुमच्या लॅबचे जुलाब कांद्याचे नसावेत. खोबरं, तेल आणि तिखट यांनीच तिचं पोट बिघडलं असणार. खूप स्निग्ध खाल्लं की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते: सारखी उलटी, पोट आखडून पाठीची कमान, अन्नाकडे पाठ. जुलाब एका दिवसात थांबले तर विषय मिटला; अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. आणि सोलकढी "थंड असते" म्हणून देऊ नका. तिच्यात नारळाचं दूध आहे, मीठ आहे आणि लसूणही आहे.

आता कवचं. कोळंबीचं साल पातळ असतं, एखाद-दुसरं गेलं तर बहुधा तसंच बाहेर पडतं. पण किलोभर कोळंबी सोलल्यावरचा ढीग खाल्ला तर त्या सालांचा आतड्यात गोळा बसतो. डोक्यावरचा करवतीसारखा काटा घशात टोचतो तो वेगळाच. तिसऱ्यांचे शिंपले हावरं कुत्रं अख्खे गिळतं, आणि लॅबइतकं हावरं दुसरं कोण असतं? शिंपला एक्स-रेमध्ये पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे शोधायला सोपा. कोळंबीचं साल सहसा दिसत नाही, म्हणून काय खाल्लं ते लपवू नका. मालक लोक लाजून सांगत नाहीत आणि आमचा अर्धा दिवस जातो.

कुर्लीचं कवच मात्र मी कुत्र्याच्या आसपासही येऊ देत नाही. हर्णैजवळच्या एका वाडीतून सकाळी सातला फोन आला होता: "डॉक्टरबाई, कुत्रा पिसाळलाय. तोंड मिटत नाय, लाळ गळतेय, पायांनी तोंड ओरबाडतोय." गेले तर सगळी वाडी लांब उभी आणि दोघांच्या हातात काठ्या. मी आधी लसीचं कार्ड मागितलं. रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली होती. तरीही जाड हातमोजे घालूनच त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं. मग तोंडात टॉर्च मारला. टाळूला लागून, वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांच्या मधोमध, नांगीचा एक तुकडा दाराला अडसर घालावा तसा आडवा बसला होता. चिमट्याने फिरवला तशी टक्कन आवाज करून नांगी निघाली. टाळूवर दोन लाल खड्डे पडले होते. आदल्या रात्री घरात कुर्ल्या झाल्या होत्या, कवचं केळीच्या बुडात टाकली होती.

ही गोष्ट वाचून कोणी स्वतः हात घालायला जाऊ नये. लाळ गळणारं, जबडा मिटू न शकणारं कुत्रं खरोखर रेबीजचं असू शकतं. लस झालेली असो वा नसो, तोंडात हात घालायचं काम डॉक्टरांवर सोडा.

कोळंबीवरूनच आणखी एक. आपल्याकडे गरवायला जातात तेव्हा गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, बहुतेक वेळा कोळंबीचा तुकडा लावतात. जेटीवर, खडकांवर अशी गरी पडलेली असते, कुत्रं कोळंबी म्हणून गिळतं आणि तोंडाच्या कोपऱ्यातून तंगूस, म्हणजे गरीचा दोरा, लोंबत राहतो. पाहणाऱ्याला तो ओढायचा मोह होतो. ओढू नका. ओढलं की गरी अन्ननलिकेत रुतते. तंगूस तोंडाजवळ कापूही नका. लांब ठेवून पट्ट्याला सैल बांधा आणि तसंच घेऊन या. तो दोरा हाताशी असला की काढताना आम्हाला मोठी मदत होते. मीठ-पाणी पाजून उलटी करवणं हा तर आपल्याकडचा लाडका उपाय. टोकदार वस्तू खाली जाताना एकदा जखम करते, वर येताना दुसऱ्यांदा. शिवाय एवढं मीठ स्वतःच विषासारखं काम करतं.

किनाऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यातलं फारसं कोणाला माहीत नसतं. तिसऱ्या, कालवं, शिनाणे हे शिंपल्यात राहून पाणी गाळून जगणारे जीव. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं: गटाराचे जंतू, जड धातू, आणि कधीकधी सूक्ष्म शेवाळातलं विष. यातल्या सॅक्सिटॉक्सिन नावाच्या विषाने स्नायू लुळे पडतात, आणि ते उकळून जात नाही. १९९७ साली केरळात विळिंजमच्या बाजूला असे शिंपले खाऊन सात माणसं दगावली होती. कुत्र्यांचं उदाहरण इंग्लंडचं आहे. २०१७ सरता सरता आणि २०१८ च्या सुरुवातीला तिथल्या पूर्व किनाऱ्यावर वादळानंतर वाहून आलेले तारामासे आणि मासळी खाऊन कुत्री आजारी पडली, दोन मेली. तपासणीत हेच विष सापडलं. म्हणजे धोका ताटातल्या शिंपल्याइतकाच, किंबहुना जास्त, वाळूवर पडलेल्या मेल्या जीवात असतो.

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, ते बहुधा नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवामुळे. त्यातून हे लुळं पाडणारं विष येत नाही. पण पाण्याला वेगळा रंग किंवा वास आला असेल, किनाऱ्यावर मासळी मरून पडली असेल, तर त्या दिवसांत तिथल्या तिसऱ्या माणसांनीही खाऊ नयेत.

रापणीनंतर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढल्यावर, वाळूवर टाकून दिलेला केंडमासाही तितकाच वाईट. फुगलेला असतो, काटेरी असतो, कुत्र्याला चेंडूच वाटतो. त्यातलं टेट्रोडोटॉक्सिनही शिजवून जात नाही. पुळणीवरून आल्यावर कुत्रं ओकायला लागलं, मागचे पाय लटपटायला लागले, श्वास उथळ झाला, तर "थकलं असेल" म्हणून वाट पाहू नका. या दोन्ही विषांवर उतारा नाही. श्वास चालू ठेवणं एवढंच हातात असतं, आणि त्यासाठी वेळेत पोचावं लागतं.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, "बंदरावरची कुत्री रोज हेच खातात, त्यांना कुठे काय होतं?" हर्णैच्या लिलावाला मीही जाते. जाळी झटकली की ती कुत्री टाकलेली मासळी, डोकी, कुर्ल्या, सगळं फस्त करतात, खरं आहे. पण आपल्याला दिसतात ती जगलेली. जी जगली नाहीत त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. शिवाय जी जगली ती पिल्लू असल्यापासून यावरच वाढली आहेत. बारा महिने कोरडं खाद्य खाणारी तुमची लॅब एका संध्याकाळीत त्यांच्या पंक्तीला बसू शकत नाही.

म्हणजे वाटण नको, कवच नको, किनाऱ्यावरचं काहीही नको. मग द्यायचं कसं?

कोळंबी ताजी घ्या. डोकं, साल, शेपटीचं टोक काढा, पाठीतला काळा दोरा काढा. तो दोरा म्हणजे तिचं आतडं, त्यात घाण आणि वाळू असते. साध्या पाण्याला उकळी आणून कोळंबी टाका. पारदर्शक राखाडी रंग जाऊन ती सगळीकडून गुलाबी-केशरी होते आणि आकड्यासारखी वळते. मध्यम कोळंबीला दोन-तीन मिनिटं पुरतात. मीठ नको, हळद नको, तेलाचा थेंबही नको. निवली की बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करा, कारण लॅब चावत नाही, नुसती गिळते. तिच्या नेहमीच्या खाद्यावर पसरून द्या.

कच्ची देऊ नका. जंतूंचं कारण आहेच, पण कच्च्या शिंपल्यांत आणि बऱ्याच कच्च्या मासळीत जीवनसत्त्व ब१ मोडणारा एक घटक असतो. शिजवल्यावर तो निकामी होतो. महिनाभर रोज कच्चं दिलं तर कुत्रं झोकांड्या खायला लागू शकतं. कोळंबी काळी पडू नये म्हणून काही वेळा सल्फाइटची पूड लावतात, तीही ब१ मोडते. म्हणून बाजारातली असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुवा, आणि रोज देऊ नका.

तिसऱ्या आधी दोन-तीन तास खारट पाण्यात ठेवून वाळू ओकू द्या. मग उकळत्या पाण्यात घाला. तोंड उघडल्यावर लगेच काढू नका, आणखी चार-पाच मिनिटं उकळू द्या. न उघडलेली फेकून द्या, विळीने उघडायचा हट्ट नको. मांस काढून चिरा. उरलेलं पाणी चवीला छान लागतं, पण मीठ न घालताही ते खारट असतं आणि तळाला वाळू असते. वरचं निथळलेलं चमचा-दोन चमचे खाद्यावर घातलंत तर चालेल, वाटीभर नको. कालवं मी स्वतः देत नाही. कालव खाडीतल्या एकाच खडकाला आयुष्यभर चिकटून बसतं, आणि त्या खडकाजवळच्या गटारांची मला खात्री देता येत नाही.

कुर्लीचं फक्त नांग्यांतलं आणि पायांतलं पांढरं मांस, बोटांनी चाचपून, एकही कपची नाही याची खात्री करून. पोटातला पिवळा-तपकिरी भाग, जो आपण मिटक्या मारत खातो, तो तिला नको. विषारी पदार्थ आणि धातू तिथेच जास्त साठतात. पावसाच्या सुरुवातीला शेतातून धरून आणलेले खेकडे तर कच्चे मुळीच नाहीत. गोड्या पाण्यातल्या कच्च्या खेकड्यांतून फुप्फुसात घर करणारा कृमी कुत्र्यात येऊ शकतो.

किती द्यायचं हे वजनावर, वयावर आणि बाकी दिवसभर काय खाल्लं यावर ठरतं. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांत बसावा, एवढा नियम धरा. तुमच्या लॅबला दिवसाला साधारण १२००-१३०० कॅलरी लागतात आणि १०० ग्रॅम उकडलेल्या कोळंबीत १०० च्या आसपास असतात. म्हणजे १०० ग्रॅम ही वरची हद्द झाली. मी पाच-सहा मध्यम कोळंब्या, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, असं सांगेन. पाच किलोच्या कुत्र्याला एक, फार तर दोन. पहिल्या वेळी मात्र एकच तुकडा द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बघा. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, ओकारी आली तर पुन्हा नको. कुत्र्यांमध्ये दूध, कोंबडी, गहू यांची ॲलर्जी कवचाच्या मासळीपेक्षा जास्त आढळते, पण आढळत नाही असं नाही. पुढे काही आठवड्यांनी कान आणि पंजे सतत खाजवायला लागली तरी कोळंबीचा संशय घ्या.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या, आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. डाल्मेशियनना मूत्रमार्गात युरेटचे खडे होण्याची खोड असते, त्यांना हे वर्ज्यच ठेवा.

सोडे (सुकवलेली सोललेली कोळंबी) आणि जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) यांचं वेगळं. मीठ लावलेलं नसलं तरी समुद्राचं मीठ त्यात असतंच, आणि सुकल्यावर ते वजनाच्या मानाने वाढतं. खळ्यात वाळत घातलेला जवळा कुत्र्याने हादडला असे फोन मला दर उन्हाळ्यात येतात. एकदम बादलीभर पाणी पिऊ देऊ नका, थोडं थोडं पण सारखं द्या. ओकारी थांबली नाही, झोकांडी किंवा झटका आला तर निघा. द्यायचेच असतील तर एक-दोन सोडे रात्रभर भिजवून, पाणी फेकून, उकडून. माझ्या मते त्यात काही मजा नाही, ताजी मिळत असताना तर मुळीच नाही.

अधूनमधून कोणी विचारतं की हिरव्या शिंपल्यांनी सांधे सुधारतात ना, मग शिनाणे रोज घालू का? सांध्यांसाठी जी पूड मिळते ती न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्याची, तो आपल्या शिनाण्याचा भाऊबंद, पण जात वेगळी. तिथे ती मोजून, प्रक्रिया करून बनवतात. आपले शिनाणे उकडून घातले तर ते फक्त जेवण आहे. तसंच ग्लुकोसामाइन कोळंबी-कुर्लीच्या कवचापासून काढतात हे खरं, पण कारखान्यात. अख्खं कवच चारून ते मिळत नाही.

आत्याबाईंना हे सगळं सांगत बसू नका, त्यांना ते त्यांच्या हातच्या चवीवर आल्यासारखं वाटेल. कोळंबीला मीठ-हळद लावायच्या आधी पाच-सहा बाजूला काढून छोट्या टोपात उकडा, एवढंच म्हणा. घालायचा मान त्यांचाच ठेवा, म्हणजे बाकीच्या नऊ हातांना त्याच अडवतील. आणि सालं-कवचं आमच्याकडे माडाच्या आळ्यात पुरतात, तुमच्याकडेही पुरत असतील. वर चांगला जड चिरा ठेवायला सांगा. लॅब खणून काढते.